स्विचवरचे लक्ष्मणराव

काचीगुडा स्टेशनामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या लक्ष्मणराव जिंतूरकरांनी एक गोष्ट एकोणपन्नास वर्षं मनात दाबून ठेवली होती. घरात ती फक्त त्यांच्या पत्नीला, भामाबाईंना ठाऊक होती. शेजारणीच्या वरणात मीठ जास्त झालं ही बातमीसुद्धा ज्यांच्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्या बाईंनी ही एक गोष्ट लग्नापासून कुणाजवळ काढली नव्हती. नवऱ्यावर जीव असल्याचा याहून मोठा पुरावा आणखी कुठला द्यायचा!

गोष्ट होती आचारी सारांच्या सिनेमांबद्दलची. माधवाचारी असं त्यांचं पूर्ण नाव, पण ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं ते सगळे त्यांना आचारी सारच म्हणत, सार म्हणजे तिकडचं सर. सारांनी एकूण बारा तेलुगू सिनेमे काढले. पण जाणकार मंडळी बोलतात ती पहिल्या तीनांबद्दल. लक्ष्मणराव त्यांना विणकराच्या मागाचा सिनेमा, विहिरीचा सिनेमा आणि शाळेचा सिनेमा असं म्हणतात. तिन्ही काळेपांढरे, तिन्ही खेड्यातले, एकातही नाव घेण्यासारखा नट नाही.

या तिन्हींत एक खोड आहे. पात्राचं बोलणं संपतं, प्रसंग संपतो, आता चित्र बदलणार असं आपल्याला वाटतं, आणि ते बदलत नाही. कॅमेरा त्या माणसाकडे बघतच राहतो. मन मोकळं करून झालेली बाई पदरानं मान पुसते. भांडून दमलेला म्हातारा खाटेवर बसून उगाच आपल्या अंगठ्याचं नख बघतो. मग कुठंतरी एक बारीकसा आवाज होतो, बांगडीचा, खाटेचा, नाहीतर नुसत्या सुस्काऱ्याचा, आणि तेवढ्यात चित्र बदलतं. त्या आठदहा सेकंदांत माणूस जेवढा कळतो तेवढा आधीच्या सगळ्या संवादांत कळलेला नसतो.

यावर पुस्तकं निघाली आहेत. पुण्याच्या अभिजीत नावाच्या प्राध्यापकांनी तर चारशे पानं लिहिली. त्यांनी या थांबण्याचं नातं बौद्ध मौनाशी लावलं, मागाच्या लयीशी लावलं, दख्खनच्या दुष्काळाशीही लावलं. लक्ष्मणरावांनी ते पुस्तक नातीकडून मागवून घेतलं, सावकाश वाचलं, आणि दर प्रकरणानंतर चष्मा काढून ठेवत ‘अरे देवा’ म्हणाले.

कारण तो कॅमेरा चालू ठेवणारा माणूस ते स्वतः होते. आणि त्यांनी तो मौनासाठी चालू ठेवला नव्हता, चुकून ठेवला होता.

आता मागाचा सिनेमा नव्यानं साफसूफ करून मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं होतं, येत्या रविवारी. ब्याऐंशी वर्षांचे सार स्वतः येणार होते. त्यांनी माणूस पाठवून निरोप दिला होता, “लक्ष्मण मेरे बाजू में बैठेगा.” निरोप ऐकल्यापासून लक्ष्मणरावांच्या जिवाला चैन नव्हतं. आपलं आयुष्य ज्या माणसामुळे उभं राहिलं त्याच्याशी आपण एका बाबतीत कधी खरं बोललो नाही, ही टोचणी जुनीच होती. सांगावं, तर सारांना या वयात काय वाटेल? जगानं ज्या कलेसाठी त्यांना डोक्यावर घेतलं ती एका पोराची गफलत होती असं त्यांच्या तोंडावर बोलायचं? आणि न सांगावं, तर पुन्हा संधी मिळेल याचा काय भरवसा?

“अहो, सांगून टाका एकदाचं,” भामाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “नाहीतर मी सांगते.”

“तू नको.”

“मग तुम्ही सांगा. आणि नुसतं चुकलो चुकलो करू नका. आभार मानायचे राहिलेत ते माना.”

लक्ष्मणराव मूळचे जिंतूरकडचे. घरची शेती होती, पण खाणारी भावंडंही भरपूर होती, म्हणून एकविसाव्या वर्षी ते हैद्राबादला गौलीगुड्यात काकांकडे येऊन राहिले. काका म्हणजे आबासाहेब. ते सिनेमाची यंत्रं भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात कामाला होते. गौलीगुड्यात तेव्हा घरात मराठी आणि दाराबाहेर दखनी उर्दू एवढ्यावर माणसाचं भागायचं. दूधवाला, न्हावी, बसचा कंडक्टर, सगळ्यांशी ‘हौ’ आणि ‘नक्को’ यांवर व्यवहार व्हायचा. तेलुगूवाचून कुणाचं काही अडत नसे, आणि लक्ष्मणरावांचंही चार महिने अडलं नाही.

पाचव्या महिन्यात आबासाहेबांनी त्यांना कामाला लावलं. भाड्याचा कॅमेरा बाहेर गेला की त्याच्याबरोबर दुकानाचा एक माणूस जातो, पेट्या सांभाळायला, पुसायला, चढवायला उतरवायला. एक नवा दिग्दर्शक हैद्राबादहून तासाभरावरच्या विणकरांच्या गावात शूटिंगला निघाला होता. त्याला दुकानातला सर्वांत जुना कॅमेरा परवडला आणि त्या कॅमेऱ्यासोबत सर्वांत नवा माणूस मिळाला.

निघताना आबासाहेबांनी उपदेश केला. “भाषा येत नाही हे तिथं कुणाला कळू द्यायचं नाही. कुणी काही म्हणालं की मान हलवायची, ‘हौ सार’ म्हणायचं. चार दिवसांत सगळं आपोआप समजतं.”

पुढचा सगळा घोटाळा या उपदेशानं केला. आबासाहेब शेवटपर्यंत समजत राहिले की पोराचं नशीब आपल्या सल्ल्यानं उघडलं, आणि विचार केला तर ते काही खोटं नव्हतं.

त्या कॅमेऱ्याचं स्वतःचं बटण कधीच निकामी झालेलं होतं. दुकानानं त्यावर तोड म्हणून बॅटरीच्या पेटीला वायर जोडून एक घरगुती स्विच बसवला होता, आपण भिंतीवर दिवा लावतो तसला. तो दाबला की कॅमेरा सुरू, वर केला की बंद. पेटी असायची तिपाईच्या पायाशी, आणि पेटीपाशी मांडी घालून बसायचे लक्ष्मणराव. कॅमेरा गिरणीसारखा घरघरायचा म्हणून त्याच्यावर दोन गोधड्या टाकलेल्या. कॅमेरामन डोक्यासकट त्या गोधड्यांत शिरलेला. त्याला बाहेरचं ऐकू येत नसे. मोटर चालतेय तोवर आपण बघत राहायचं, एवढंच त्याला ठाऊक. लक्ष्मणरावांना ऐकू सगळं यायचं, पण दिसायचं फक्त तिपाईचं लाकूड आणि समोरच्यांची पावलं.

सिनेमातली नायिका नटी नव्हती. त्याच गावातली विणकराची बायको होती, आपल्याच घरात, आपल्याच मागावर बसलेली. पहिल्या दिवशी सकाळी तिनं चार वाक्यं छान म्हटली आणि आचारी सार उत्साहानं ओरडले, “कट!” बाई अशी दचकली की तिच्या हातून धोटा निसटला आणि सूत तुटलं. अर्धा तास ते सूत सांधण्यात गेला. त्या दिवसापासून सारांनी ओरडणं सोडलं. सुरुवात करायची तर ते कॅमेरामनच्या पाठीवर थोपटत आणि कॅमेरामन पायानं लक्ष्मणरावांना ढोसत असे. संपवायचं तर सार अगदी हळू, देवघरात बोलावं तसं म्हणत, “चालु.”

आता तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे, बस झालं. आणि आपल्याकडे चालू म्हणजे काय हे मराठी वाचकाला मी काय सांगणार!

सारांनी ‘चालु’ म्हटलं. लक्ष्मणरावांना वाटलं, कॅमेरा चालू आहे ना असं विचारताहेत. त्यांनी मान हलवली आणि खालून सांगितलं, “हौ सार, चालू है!” सार पुन्हा म्हणाले, “चालु, चालु.” लक्ष्मणरावांना वाटलं, चालूच ठेव म्हणताहेत. त्यांनी स्विचवर हात घट्ट धरला, चुकून कुणाचा धक्का लागू नये म्हणून. इकडे बाईला वाटलं आपलं काम झालं. तिनं खांदे सैल सोडले, कपाळावरचे केस मागं सारले, मागावरच्या अर्ध्या साडीकडे बघितलं. गोधडीतला कॅमेरामन ते टिपत राहिला.  बऱ्याच वेळानं सार उठले, त्यांचं स्टूल करकरलं, तेव्हा कुठं लक्ष्मणरावांनी स्विच वर केला.

असे तीन दिवस गेले. फिल्म तेव्हा मोजून मिळायची, आणि लक्ष्मणराव ती पावसाच्या पाण्यासारखी वाहू देत होते.

चौथ्या दिवशी दुपारी पंगत बसली. वाढपी भात घेऊन आला. लक्ष्मणरावांच्या शेजारी बसलेल्या लाइटवाल्यानं पानावर हात आडवा धरला आणि म्हणाला, “चालु, चालु.” वाढप्यानं हात थांबवला आणि तो पुढं सरकला. लक्ष्मणरावांना वाटलं, वाढपी बहिरा असावा, चालू म्हणतोय तरी थांबला. मग सांबारवाला आला. पलीकडच्यानं म्हटलं, “चालु.” तोही थांबला. ताकवालाही थांबला. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं ‘चालु’ म्हणत होती आणि वाढपी थांबत होते.

तेव्हा कुठं लक्ष्मणरावांच्या डोक्यात उजेड पडला. तोवर त्यांच्या पानात भाताचा डोंगर झाला होता, कारण त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. तो भात कसा संपवला ते त्यांना आजही आठवत नाही. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, वाया गेलेली तीन दिवसांची फिल्म, आणि गौलीगुड्याच्या दारात उभे राहिलेले आबासाहेब.

त्यांनी मनाशी ठरवलं, कबूल करायचं. मग ठरवलं, आधी सुधारायचं आणि मग कबूल करायचं. पाचव्या दिवशी सकाळी सारांच्या तोंडून ‘चालु’मधला ‘चा’ बाहेर पडतो न पडतो तोच त्यांनी खटकन स्विच वर केला.

सार वळून त्यांच्याकडे आले आणि समोर उकिडवे बसले. लक्ष्मणराव तोंड उघडणार होते. पण सारच म्हणाले, “काय कू रे लक्ष्मण? कल तक कितना अच्छा कर रहा था. आज क्या जल्दी है?”

लक्ष्मणरावांनी स्विचवरचा हात काढून घेतला.

“मैं चालु बोला तो वो लोगां का काम खतम होता,” सार म्हणाले. “तेरा नहीं. तेरे कू जब लगा, तब बंद कर.”

म्हणजे सारांना वाटत होतं की हे आपण समजून उमजून करत होतो! हा माणूस आपल्याला कसबी समजतोय! खरं सांगायची वेळ तीच होती, आणि ती लक्ष्मणरावांच्या हातून निसटली. त्यांनी मान हलवली आणि म्हटलं, “हौ सार.”

बंद केव्हा करायचं हे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी कानांवर भिस्त ठेवली. ‘चालु’ झालं की डोळे मिटायचे आणि वाट बघायची. दमलेला माणूस किती वेळ गप्प राहिला तरी शेवटी काहीतरी हलतंच. बांगडी वाजते, पाय घासतो, श्वास सुटतो. तो आवाज आला की स्विच वर. दोन आठवड्यांनी मद्रासहून फिल्म धुऊन आली. एका थिएटरात सकाळी सगळ्यांना ती दाखवली, आणि अंधारात सार लक्ष्मणरावांच्या मांडीवर थापा मारत राहिले. त्या बाईचं ते कपाळावरचे केस मागं सारणं पडद्यावर आलं तेव्हा लाइटवाला खुर्चीत पुढं सरकून बसला. लक्ष्मणरावांनीही ते तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर सारांनी त्यांना सोडलं नाही. विहिरीच्या सिनेमाला दुसरा, नीट बटण असलेला कॅमेरा मिळत होता. सारांनी तोच जुना मागवला आणि सोबत तोच माणूस मागवला. शाळेच्या सिनेमालाही तेच. मधल्या काळात सारांनी त्यांना भिंगं शिकवली, उजेड मोजायला शिकवलं, वर्तमानपत्रावरून तेलुगू अक्षरं गिरवून घेतली. लक्ष्मणरावांचं भामाबाईंशी लग्न झालं तेव्हा सार पहिल्या पंगतीला जेवायला बसले, आणि त्यांनी पानावर हात आडवा धरून ‘चालु’ म्हटल्यावर वाढायला आलेल्या नवऱ्या मुलानं आणखी दोन पुरणपोळ्या वाढल्या. सगळे हसले. त्या हसण्यामागचं खरं कारण फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं लक्ष्मणरावांना वाटत होतं.

शाळेचा सिनेमा संपला तेव्हा भामाबाईंना दिवस गेले होते. शेतकी खात्यासाठी माहितीपट काढणाऱ्या एका कचेरीत पक्क्या नोकरीची जागा निघाली. लक्ष्मणराव म्हणाले, मी नाही जाणार. तर सारांनी स्वतः इंग्रजीत अर्ज लिहिला आणि त्यांच्यापुढं सहीला धरला.

“मेरे पास क्या है रे? दो साल में एक सिनेमा,” सार म्हणाले. “बच्चे कू दूध रोज लगता.”

लक्ष्मणरावांनी सही केली. त्या सहीवर मुलीचं शिक्षण झालं, काचीगुड्याचं घर झालं, आज पेन्शनही येते. सारांनी पुढं नऊ सिनेमे काढले, मोठे, रंगीत, बक्षिसांचे. पण ते थांबणं पुन्हा कधी दिसलं नाही. अभिजीत प्राध्यापकांनी त्यावरही एक प्रकरण लिहिलं आहे. बदलत्या काळात कलावंताचा धीर सुटला असं त्यांचं म्हणणं. ते वाचून लक्ष्मणरावांनी फक्त चष्माच काढला नाही, पुस्तकच बाजूला ठेवलं.

रविवारच्या आधीच्या शुक्रवारी त्यांची नात प्रियदर्शिनी घरी आली. तेवीस वर्षांची ही पोरगी कुकटपल्लीत जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या एका स्टुडिओत कामाला आहे. मराठी फर्डं बोलते, वाचायला दिलं तर पोरगी घामाघूम होते. मागाच्या सिनेमाच्या आवाजाचं काम तिच्याकडेच आलं होतं. शूटिंगच्या वेळी त्या काळी एक टेप लावून ठेवत, पुढं डबिंगला कलाकारांना आपण काय बोललो होतो ते कळावं म्हणून. तसल्या टेपांचं एक खोकं सारांच्या माळ्यावर सापडलं होतं.

“आजोबा, सेटवर तुमच्याशिवाय अजून कुणी मराठी होतं का?” तिनं लॅपटॉप उघडत विचारलं. “नाही म्हणजे, एकदम मजा आहे. ऐका ना. डब्यावर ‘दुसरा दिवस’ लिहिलंय.”

आधी कॅमेऱ्याची घरघर ऐकू आली. मग त्या बाईची चार वाक्यं. मग अगदी हळू, “चालु.” आणि लगेच खालून कुठूनतरी एका पोराचा खणखणीत आवाज, “हौ सार, चालू है!”

भामाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. लक्ष्मणरावांनी हाताची मूठ तोंडाशी धरली.

“थांबा, पुढं आहे,” प्रियदर्शिनी म्हणाली.

टेपवर कुणीतरी कुजबुजलं. सारांचा असिस्टंट तेलुगूत म्हणत होता, सार, त्या मराठी पोराला ‘चालु’चा अर्थ कळलेला नाही. बंद कर म्हणून सांगू का?  मग सारांचा आवाज, तरणा, पुटपुटल्यासारखा:

“वद्दु. वाडिकि चेप्पकु. आमेनु चूडु.”

नको. त्याला सांगू नकोस. तिच्याकडे बघ.

पुढं टेपवर बोलणं नव्हतं. घरघर चालली होती, आणि शेवटी स्टूल करकरलं.

“हे तुम्हीच आहात ना आजोबा?” प्रियदर्शिनीचं हसू मावळलं. “काय झालं? मी काही चुकीचं लावलं का?”

लक्ष्मणराव रडत होते. पोरीनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. भामाबाईंनी तिला खुणेनं गप्प केलं आणि नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“दुसऱ्याच दिवशी,” लक्ष्मणराव म्हणाले. “भामे, दुसऱ्याच दिवशी कळलं होतं गं त्यांना.”

मग त्यांनी नातीला सगळं सांगितलं, पंगतीसकट. ती हसली, पण ते हसत नव्हते. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. पाचव्या दिवशी सार समोर उकिडवे बसले तेव्हा ते सगळं जाणून बसले होते. पोराला लाज वाटू नये म्हणून त्याच्या चुकीला त्यांनी कसब म्हटलं, आणि म्हणत म्हणत ते खरंच कसब होऊ दिलं. आणि तो अर्ज! आपल्या सिनेमातली ती जादू कुणाच्या हातात आहे हे ज्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्यानं ते हात स्वतःहून दुसऱ्याच्या कामाला लावून दिले, एका न जन्मलेल्या मुलीच्या दुधासाठी. ती मुलगी म्हणजे प्रियदर्शिनीची आई.

रविवारी सभागृह भरलं होतं. भामाबाईंनी काचीगुड्यातली निम्मी मराठी मंडळी गोळा करून डावीकडच्या तीन रांगा अडवल्या होत्या. सारांना दोघांनी धरून आणलं. अंगानं ते अगदी वाळले होते, पण डोळे तेच. सिनेमा संपेपर्यंत त्यांनी लक्ष्मणरावांचं मनगट सोडलं नाही. प्रत्येक वेळी ते थांबणं आलं की त्यांची बोटं जराशी आवळायची, बांगडी वाजली की सैल पडायची.

नंतर व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या. अभिजीत प्राध्यापकांनी ठरलेला प्रश्न विचारला. सार, पहिल्या तीन सिनेमांत कॅमेरा का थांबतो? हा प्रश्न सारांना आयुष्यभर विचारला गेला होता आणि दर वेळी ‘वो पूछो नक्को’ म्हणून त्यांनी तो उडवून लावला होता. या वेळी त्यांनी माइक शेजारी सरकवला.

“स्विच इसके पास था,” ते म्हणाले. “इससे पूछो.”

लक्ष्मणराव उभे राहिले.  हैद्राबादेत जे बोलतात ते, थोडं दखनी, थोडं तेलुगू आणि मध्येच मराठी, असं त्यांनी बोलायला सुरुवात केली. बॅटरीची पेटी सांगितली, गोधड्या सांगितल्या, आबासाहेबांचा उपदेश सांगितला. “हौ सार, चालू है” म्हटल्याबरोबर सगळं सभागृह खदखदून हसलं. पंगतीतला भाताचा डोंगर आला तेव्हा प्राध्यापकांनी हातातलं आपलंच पुस्तक हळूच पालथं घातलं आणि तेही हसायला लागले. तोंडावर हात धरून सार सर्वांत जास्त हसत होते.

“मला एकोणपन्नास वर्षं वाटत होतं की मी सारांपासून लपवलं,” लक्ष्मणराव पुढं म्हणाले. “पण सारांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सारच माझ्यापासून लपवत होते.”

सारांचं हसणं थांबलं. ते खुर्चीत ताठ झाले.

“तेरे कू किसने बोला?” ते कडाडले. “मैं बोला था, उसकू बोलो नक्को!”

पुन्हा हशा उसळला. पण लक्ष्मणराव माइक धरून उभेच राहिले, आणि हशा आपोआप विरला.

“सार, तुम्ही माझी चूक कुणाला सांगितली नाही. मलासुद्धा सांगितली नाही. नंतर माझ्या घरी मूल येणार होतं, तेव्हा तुम्ही मला हातानं धरून नोकरीला लावलंत, आणि तुमचे पुढचे नऊ सिनेमे माझ्याशिवाय काढलेत. तुमचं काय गेलं ते तुम्हाला ठाऊक होतं. मला परवा कळलं.” त्यांनी डावीकडच्या रांगांकडे बोट दाखवलं. “ती माझी नात बसलीय तिथं. तिनंच तुमचा सिनेमा साफ केला. तुमचे खूप आभार, सार. एवढंच सांगायचं होतं.”

 सारांनी लक्ष्मणरावांचा हात ओढून त्यांना खाली बसवलं आणि तो आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. टाळ्या सुरू झाल्या. त्या वाढत गेल्या, लोक उभे राहिले. सारांना असलं काही सहन होत नाही. त्यांनी पानावर धरतात तसा हात आडवा केला आणि माइकमध्ये हळूच म्हणाले, “चालु, चालु.”

उजवीकडची तेलुगू मंडळी लगेच थांबली. डावीकडच्या तीन रांगांत काचीगुड्याची मराठी मंडळी होती. सगळ्यांच्या दोन दोन पिढ्या हैद्राबादेत गेलेल्या, ‘चालु’ म्हणजे काय हे न कळणारा त्यांत एकही नव्हता. भामाबाई सर्वांत पुढं उभ्या होत्या. “हौ सार, चालू है!” त्या ओरडल्या, आणि तिन्ही रांगा टाळ्या वाजवत राहिल्या.